डाव्या कडेचे भावजी

चंदिगडचे रस्ते एवढे ऐसपैस बांधले असतील, तर ते फक्त आमच्या धाकट्या भावजींना कडेकडेनं पळता यावं म्हणून! नव्वदच्या सुमारास, कोल्हापूरच्या तालमीकडून फुटबॉलचं मैदान गाजवून ते इथल्या एका कारखान्याच्या संघात पगारी लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चेंडू पळवणारा गडी, म्हणून आले आणि आमच्याकडे, म्हणजे युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या भावाकडे, उतरले. माणूस कधी म्हणून मधून चालला नाही. सेक्टर सतराच्या चौकात आम्ही मधोमध, हे दुकानांच्या पायऱ्यांना घासत डावीकडून. माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा ओट्याला वळसा घालून फ्रीज गाठायचे! शेजारच्या लग्नात भांगडा रंगला, तर हे मांडवाच्या कडेनं एकटेच पळतायत. म्हटलं, "अहो, मध्ये या की!" तर म्हणे, "वैनी, विंगरनं लाईन सोडली की संपलं बघा."

पण त्यांचा घात केला एका शब्दानं. कोल्हापुरात पास हवा असला की ओरडतात, "सोड, सोड!" इथल्या सरदारजींना ते ऐकू यायचं, "छोड़, छोड़!" बिचारे आज्ञाधारक, चेंडू सोडून बाजूला व्हायचे आणि समोरचे गोल करायचे. कप्तान वैतागला, "यार, तू बॉल माँगता है कि भगाता है?" मॅनेजरनं सांगून टाकलं, पुढच्या सामन्यात गोल नाही झाला तर कोल्हापूरची गाडी पकडा. भावजी मटणालाही हात लावेनात. माझा जीव नुसता वर-खाली!

त्या सामन्यात कप्तान आणि समोरचा बॅक एकाच चेंडूवर झुंजत होते. भावजी सवयीनं किंचाळले, "सोड!" आणि काय सांगू, दोघांनीही सोडला! चेंडू अनाथासारखा मध्ये पडलेला. भावजींनी तो पायात घेऊन कडेनं नेला आणि ठोकला की हो गोल! मी शेजारच्या अनोळखी सरदारणीला मिठीच मारली. तेव्हापासून अख्खा संघ पास मागताना "सोड" म्हणायला लागला.

पुढे बाहेरचा माल आला, कारखाना बसला, संघ मोडला. पाठोपाठ भावजींचा गुडघाही. "फुटबॉल सोडा," डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा दारातून सरळ, मधून आत आले आणि मला रडूच फुटलं.

आता रविवारी कप्तान त्यांना स्कूटरवरून मैदानावर नेतो. सगळे पोट सुटलेले गडी खेळतात, भावजी डाव्या लाईनीला खुर्ची टाकून बसतात. परवा चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला. कप्तान लांबून ओरडला, "ओये, सोड!"

भावजींनी चेंडू पायाखाली दाबून धरला. सोडवेना त्यांना.