पूर्ण वेढा

छातीत जळजळ होणारे साडू जगात पुष्कळ असतील. पण त्यावर कोणाचं ऑपरेशन भारी, अशी शर्यत लावणारे आम्ही दोघंच.

वडनेरचा माझा साडू माझ्या आधी दुर्बिणीतून ऑपरेशन करून आला. पोटावर पाच बारीक भोकं. आत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गुंडाळतात, म्हणजे आंबट पाणी वर येत नाही. त्याचा वेढा पाऊण होता. कधीमधी गोळी घ्यावी लागे, पण ढेकर मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाई.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढली. पूर्ण वेढा जळजळ पक्की रोखतो. पण ज्याचा घास आधीच अडकतो, त्याला पाऊणच बरा. मला त्यातलं 'पूर्ण' तेवढं ऐकू आलं. अन्ननलिकेचा जोर मोजायला नाकातून नळी घातली, ती मी अर्ध्यातच उपटली अन् पुन्हा घालू दिली नाही.

"मग तुम्हीच खरं सांगा," डॉक्टर म्हणाले, "घास अडकतो?"

"अजिबात नाई."

"यायले भाकर..." बायकोनं तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. वर्षभर मी भाकरीच्या प्रत्येक घासावर पाणी ओतत होतो, हे तिला ठाऊक होतं.

ऑपरेशन झाल्याबरोबर मी वडनेरला फोन लावला. "आपला पूर्ण हाय, भाऊ!"

जळजळ गेली, हे खरं. भाकरही गेली. ढेकर येत नाही, ओकारी येत नाही, पोट ढोलासारखं फुगतं. आत फुगा घालून दोनदा वाट रुंद केली. महिनाभरात पुन्हा जशीच्या तशी. "वेढा सोडून पाऊण करता येईल, पण अन्ननलिकेतच जोर उरला नाही, हमी देत नाही," असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मात्र मी शब्दन् शब्द ऐकला.

साडू भेटायला आला. वांग्याची भाजी-भाकर हाणून त्यानं लांब ढेकर दिला अन् एकदम ओशाळला. "तुमी काऊन खोटं बोलले, भाऊ?"

"तुझ्या पुढं जायचं होतं ना. गेलो."

लग्न झाल्यापासून आम्ही नवरा-बायको शेजारी बसून जेवत आलो. आता ती माझ्यापुढं गाळलेलं वरण ठेवते अन् स्वतः ओट्यापाशी उभी राहून, माझ्याकडं पाठ करून भाकर मोडते. काल म्हटलं, "इथं बस ना."

"मले भूक नाई," ती म्हणाली.

तोंडात घास होता.