मधलं बटण

समोर तीन उत्तरं आली की मधले काका न वाचता मधलं दाबायचे. गेममध्ये कुणीतरी काही विचारायचं, खाली इंग्रजीत तीन ओळी उमटायच्या आणि काकांचं बोट आधीच बटणावर असायचं. ते मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी अक्षरं लागायची, पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हातातून सुटायची. ‘मधलं दाबलं का कोणी रागावत नाही,’ असं त्यांचं म्हणणं होतं.

शेगावात स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. पुढे झेरॉक्स, मागे पडद्याआड चार कॉम्प्युटर. आई-बाबा दोघंही नोकरीला, म्हणून शाळा सुटल्यावर मी तिथे बसायची. तिघा भावांत काका मधले. घरात सगळे थोरल्याचं, म्हणजे जानेफळच्या मोठ्या बाबांचं, ऐकायचे, धाकट्याचं, म्हणजे माझ्या बाबांचं, कौतुक करायचे. मधल्या काकांना कामं सांगायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. मी काहीच विचारायची नाही. म्हणून त्यांनी माझं नाव मुकी ठेवलं होतं.

‘आली का मुकी? जेवली का?’ दुपारी चार वाजता हा प्रश्न. मलाच नाही, झेरॉक्सला आलेल्या माणसालाही. शेगावला उतरून थेट दर्शनाला निघालेली परगावची माणसं गोंधळून ‘हो’ म्हणायची.

त्यांचा एक आवडता गेम तीन भागांचा होता. पहिल्यात लढाई, तिसऱ्यात त्याहून मोठी लढाई. दुसऱ्यात मात्र नुसतं चालायचं, नदी गाठायची आणि माणसांशी बोलायचं. दुकानात येणारी पोरं दुसऱ्याला हात लावत नसत. मीही पहिला संपवून सरळ तिसरा सुरू केला.

‘काऊन वं, दुसरा?’

‘तिसऱ्याच्या सुरुवातीला सांगतात ना सगळं. दोन मिनिटांत.’

‘दोन मिनटात सांगतलेला माणूस तुले वळखू येते का?’

मग त्यांनी मला स्वतःच्या कॉम्प्युटरवर तिसऱ्या भागाचा शेवट दाखवला. नदीकाठावर एक म्हातारी नवी नाव घेऊन उभी होती. माझ्या गेममध्ये तिथे रिकामी नाव होती. दुसरा भाग खेळला नसेल तर ती मधेच मेली, असं गेम आपणहून धरून चालतो.

‘माही जिती राह्यली,’ काका म्हणाले. ‘पण कशानं राह्यली ते मले समजलं नाही. दुसऱ्यात ते काही तरी विचारते अन् मी आपलं मधलं दाबलं. तू वाचून सांग ना.’

त्यांनी दुसरा भाग लावून दिला. मी पाचेक मिनिटं पाहिलं. माणसं सावकाश बोलत होती. म्हातारीपर्यंत पोचायच्या आधीच मी हेडफोन काढला.

‘काही नाही काका, नुसतं बोलतायत.’

‘हाव का?’ ते म्हणाले आणि झेरॉक्सला गेले.

त्यानंतर दर सुट्टीत त्यांनी एकदा तरी विचारलं. मी पुण्याला नोकरीला लागल्यावर फोनवरही. ‘ते बुढीचं राह्यलं हां मुके.’ मी दिवाळीत बघू म्हणायची. दिवाळीत दोन दिवस असायचे आणि घरी पाहुणे.

ते गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. स्क्रीनवरचा तक्ता भरून पूर्ण केला, मग बॅग घेतली. घरी सगळे रडत होते. मला रडू आलं नाही. मी पाणी देत होते, कप विसळत होते. माझ्यावर कुणाचं लक्ष नव्हतं, ते बरं होतं.

तेरवीनंतर दुकान रिकामं करायचं ठरलं. कॉम्प्युटर एका क्लासवाल्याला द्यायचे होते आणि त्याआधी ते कोरे करायचे होते. हे काम माझ्याकडे आलं, कारण मला येतं. सकाळी शटर अर्धं उचलून मी आत गेले. पडद्यामागे त्यांचा कोट खिळ्याला होता. तीन कॉम्प्युटर कोरे करून झाले.

चौथा त्यांचा. त्यात दुसऱ्या भागाचा एकच खेळ जपून ठेवलेला होता, रोमन अक्षरांत नाव दिलेला: मुकी. उघडला तर समोर नदी. म्हातारीच्या दहा पावलं अलीकडे आणून थांबवलेला. मला चालायचा कंटाळा येतो, हे त्यांना माहीत होतं.

मी पुढे गेले. म्हातारी म्हणाली, उशीर झालाय, पलीकडे उतरायचं असेल तर आत्ता चल. खाली तीन उत्तरं आली. पहिलं: मला घाई आहे, नाव काढ. तिसरं: काही न बोलता नावेत बस. आणि मधलं: तू जेवलीस का?

मी ते दोनदा वाचलं. मग दाबलं.

म्हातारीने वल्हं खाली ठेवलं. कालपासून कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाली. काठावर चूल मांडली. दोघं जेवेपर्यंत वरच्या अंगाने पुराचा लोंढा आला आणि रिकामी नाव घेऊन गेला. ती काठावरच होती, म्हणून वाचली.

शेजारी काकांची प्लास्टिकची खुर्ची होती. माझ्या शाळेत वऱ्हाडी बोललं की हसायचे, त्यामुळे ती बोली माझ्या तोंडात कधी बसली नाही. तरी मी खुर्चीकडे न बघता म्हटलं, ‘काका, ते म्हणते, मी जेवली नाही. तुम्ही बसा म्हणते.’

शटरखालून कुणीतरी वाकून विचारलं, झेरॉक्स चालू आहे का. मी नाही म्हणाले. तो जायला निघाला तेव्हा विचारलं, ‘जेवले का?’