चूडी वाढली

"काकू, चूडी मेली," मी गॅरेजातून फोनवर सांगितलं.

पलीकडे काकूंनी काकांना हाक मारली, "अहो, ऐकलंत का? हा विनय काय अभद्र बोलतोय बघा. मी नाही बसायची त्या गाडीत."

इंदौरच्या गॅरेजात बोल्टच्या आट्यांना चूडी म्हणतात, आणि ते झिजले की चूडी मेली. काकूंना ऐकू आली ती हातातली बांगडी. त्यातून दुसऱ्या दिवशी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी होत होती. महूला लेकीकडे जेवण होतं. लग्नानंतर काकांनी त्यांना घरी आणलं ते माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या याच गाडीतून, आणि महूलाही याच गाडीतून न्यायचा काकांचा हट्ट होता.

काकांनी फोन घेतला. "भिया, तू इंजिन देख. घरचं मी बघतो."

इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याचा एक बोल्ट नुसताच फिरत होता. झाकण नीट बसेना, ऑइल गळून तापलेल्या पाइपवर पडे आणि धूर निघे. एरवी मी भोक ड्रिल करून त्यात स्टीलचा इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची नळी, बसवतो. इथे कडेची भिंत इतकी पातळ होती की ड्रिल लावलं असतं तर तडाच गेला असता. मग एपॉक्सी काढलं, धातूची भुकटी असलेलं, वाळल्यावर दगडासारखं होणारं. चाकाला किंवा ब्रेकला हा इलाज मी कधीच करणार नाही, पण इथे बोल्टवर जोर बेताचाच येतो.

भोक आतून अगदी कोरडं केलं. बोल्ट चिकटून बसू नये म्हणून त्याला ग्रीस चोपडलं. भोकात एपॉक्सी भरून बोल्ट सरळ आत घातला, आणि ते जरा घट्ट झाल्यावर हळूच फिरवून बाहेर काढला. आत नवे आटे उमटले होते. ते रात्रभर वाळू दिले.

सकाळी बोल्ट बेताने कसला. इंजिन तापेपर्यंत चालवलं. ऑइलचा टिपूस नाही. मला असा आनंद झाला की बाजूच्या चहावाल्याला बोलावून इंजिन दाखवलं.

तेवढ्यात काका आले. मागे काकू, हातभर हिरव्या बांगड्या आणि कपाळावर आठी.

"बांगडीला मेली, फुटली म्हणतात का रे? वाढली म्हणायचं."

"काकू, खरंच वाढलीच होती. झिजून झिजून भोक मोठं झालं होतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग स्वतःच पुढचं दार उघडून बसल्या. काका माझ्या कानाशी म्हणाले, "इंजिन भी, घर भी, तूने तो दोनो जोड दिये, भिया."

दुपारी महूहून काकांचा फोन आला. ऑइल जागच्या जागी होतं, आणि काकू परतण्याआधी पुढे मानपूरपर्यंत चक्कर मारू म्हणत होत्या.

तेव्हापासून मराठी गिऱ्हाइकाशी मी 'आटे' असंच बोलतो. आटे गेले म्हटलं की कुणाला काही वाटत नाही.