नकाशेकाकांच्या घराचा रंग

नगररचना कार्यालयात नकाशे काढण्यात उभी हयात घालवलेले नकाशेकाका तोंडाचे भलतेच घट्ट. कुठून रस्ता जाणार, कुठे बाजार येणार, बायकोलासुद्धा पत्ता लागू द्यायचे नाहीत. पण गल्ली काय दुधखुळी होती? काकांनी दरवर्षीप्रमाणे घराला रंग दिला, की लोक समजायचे, आपल्या गल्लीला धक्का नाही. मग कोणी मजला चढवायचा, कोणी दुकान मोठं करायचा. काकांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटायचं.

एका वर्षी नवा मोठा रस्ता आखला गेला, तोही नाल्यापलीकडच्या पडीक जागेतून. गल्ली सहीसलामत! पण घरात रंगावरून जुंपली. काकूंना हवा पिस्ता, काकांना पांढरा.

"अख्ख्या शहराच्या नकाशात रंग भरतो मी!"

"मग तिकडेच भरा!"

झालं, दोघंही हट्टाला पेटले. रंगारी हात हलवत परत गेला.

इकडे गल्लीत कुजबुज सुरू झाली. समोरच्या न्हाव्याने आडून आडून विचारलं, "काका, यंदा रंग नाही?" कार्यालयातलं बोलायचं नाही आणि घरातलं भांडण सांगायची लाज. काका नुसतं "बघू" म्हणाले. तिथेच घात झाला. न्हाव्याने दुकान मिळेल त्या भावात विकून टाकलं. त्याचं बघून बाकीच्यांनीही. घेणारा एकच, एक बांधकामवाला.

पुढे साहेबांनी काकांना बोलावलं. नाल्यावरच्या पुलाचा खर्च झेपत नव्हता. "तुमच्या गल्लीतली जमीन मातीमोल झालीय. तुमचं घर सोडलं तर मालकही एकच. भरपाई कमी, कटकट नाही. रेघ इकडे घ्या."

इतकी वर्षं काकांना वाटायचं, रस्ता आपल्या पेन्सिलीतून निघतो. आज मात्र पेन्सिल हातात जड झाली. तरी त्यांनी रेघ ओढली, स्वतःच्याच स्वयंपाकघरातून.

रस्ता जाहीर झाला तसा न्हावी धावत आला. काकांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही इशारा दिलात म्हणून वेळेवर सुटलो!"

काकांना राहवेना. जन्मात पहिल्यांदाच ते कार्यालयातलं बोलले. "अरे बाबा, रस्ता पलीकडूनच जाणार होता! तुम्ही जागा विकल्यात, भाव पडले, म्हणून तो इकडे आला. रंग राहिला तो आम्हा नवराबायकोच्या भांडणात!"

न्हावी डोळा मिचकावून हसला.

"कळलं काका, कळलं. कुणी विचारलं तर मीही हेच सांगतो."