मोठेबाबांनी सोडलेलं घर

विनोददादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. "बाबा गेले," एवढंच म्हणाला. माझे मोठेबाबा सुकाजी, वडिलांचे थोरले भाऊ, गोंदियात मुलाच्या, म्हणजे दादाच्याच, भाड्याच्या खोलीत वारले. ज्या घराच्या ओसरीवर त्यांचं आयुष्य गेलं, ते खाणीच्या वस्तीतलं घर केव्हाचं कुलपात होतं.

ती ओसरी म्हणजे वस्तीची कचेरीच. खाणीत कुणाचा हात चिरडला, कुणाला कामावरून काढलं, की माणसं थेट तिथे येत. मोठेबाबा स्वतः खाणीत राबलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण रस्त्यात उभे राहिले की साहेबाची गाडी थांबायची. खाण वस्तीकडे सरकू लागली, घरं रिकामी करा म्हणून सांगायला माणसं आली, तेव्हा ते ओसरीवर खाट टाकून बसले. "मी अठीच आहो. तुमी कायले भेता?" त्या एका शब्दावर वस्ती कितीतरी वर्षं टिकली.

मग घरात काहीबाही होऊ लागलं. मागच्या खोलीचं दार कडीला बसेना. भिंतीला केसासारखी चीर पडली. लिंपली, तर पुन्हा उघडली. मी दिवाळीच्या सुट्टीत तिथे होते, तेव्हा एका सकाळी विहिरीत बादली सोडली आणि दोर नुसता खाली जात राहिला. कालपर्यंतचं पाणी कुठे गेलं, कुणालाच कळेना. मोठेबाबा काठावर वाकून खूप वेळ बघत होते. तरुणपणी याच जमिनीच्या पोटात त्यांनी खोदाई केली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, मी बसलो म्हनून हे लोक बसले. मीच यायले थांबवून राहिलो..."

आठवड्याभरात त्यांनी घर सोडलं. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. त्याआधी घरोघर जाऊन, निघा म्हणून सांगितलं. काही निघाले, बाकीच्यांना वाटलं, नेता फुटला. शेजारची यशोदाबाई, जिनं त्यांच्यासोबत मोर्चे काढले होते, टेम्पोसमोर येऊन म्हणाली, "काऊन गा सुकाजी, आमाले इकून चालला का?" मोठेबाबा टेम्पोत चढून बसले. गोंदियात मात्र फोन वाजला की आधी विचारत, "वस्तीत सारे बरे आहेत ना?" आणि उत्तर येईपर्यंत उभेच राहत.

ते वारल्यावर, जुना राग विसरून, वस्तीनंच ठरवलं, या घराचं स्मारक करायचं. पुण्यानुमोदनाचा, मृत माणसासाठीच्या वंदनेचा, कार्यक्रमही तिथेच. दादाच्या मनात नव्हतं, पण लोकांना नाही म्हणवेना. पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीशेजारी मोठेबाबांचा फोटो ठेवला. त्रिशरण म्हणायला आम्ही उभे राहिलो, आणि मागच्या खोलीत पोतं आदळावं तसा आवाज झाला. खाणीला त्या दिवशी सुट्टी होती, सुरुंग उडालाच नव्हता. दादानं दार ढकललं. खोलीची अर्धी जमीन नव्हती. खाली काळोख, आणि त्यातून वर येणारा थंड, ओला वारा... यशोदाबाईनं दादाचं मनगट धरून त्याला मागे ओढलं. "निंगा सारे. चाला बाहीर!"

फोटो आतच राहिला. तिनं कुणाला परत जाऊ दिलं नाही. तडक घरी जाऊन तिनं मुलाला छपरावर चढवलं, आणि खाली उभी राहून कवेलू, छपराची कौलं, उतरवून घेऊ लागली. घर हलवताना लोक आधी तीच काढतात. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो निंगाला तवाच निंगाले पायजे होतं."

हळूहळू पलीकडच्या छपरांवरही माणसं चढली. आम्ही निघालो तेव्हा वस्तीभर कवेलूंचे ढीग लागत होते. खाणीच्या बाजूच्या टोकाला काही घरं होती, त्यांच्यावर मात्र कुणीच चढलं नव्हतं. तिथल्या चुली पेटल्या होत्या, आणि अंगणात पोरं खेळत होती.