दोन टिंबांची मोकळीक

इस्पितळाच्या संगणक विभागात तिला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. रुग्णांचे अहवाल विभागाविभागांतून वॉर्डांत पोचवणारी प्रणाली तिनेच लिहिली, तिनेच जपली, आणि गेल्या आठवड्यात त्या प्रणालीतच भोक सापडले. फाइलच्या नावाआधी दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ लिहिली, की पाठवणारा स्वतःच्या कप्प्यातून उठून कोणाच्याही कप्प्यात शिरू शके.

देवाने माणसाला दुखणे दिले, तसा ते झाकायला पडदाही दिला. तो पडदा आपल्या हातून फाटावा, याने ती आतल्या आत जळत होती. दुरुस्ती तयार होऊन दोन दिवस झाले, तरी ती लावता येत नव्हती, याने तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

आडवे आले होते एक्स-रे विभागाचे जुने यंत्र. ते फाइलच्या नावात हीच टिंबे लिही. नऊ वर्षांपूर्वी प्रणालीने ती नाकारली आणि ते अडून बसले, तेव्हा तिथल्या प्रमुखांच्या, म्हणजे काकांच्या, विनवणीवरून ताईनेच टिंबांना मोकळीक दिली. द्यायची होती एका यंत्राला. घाईत मिळाली साऱ्या जगाला. आता काकांच्या सहीवाचून ती काढता येत नव्हती.

“यंत्र मुकं होणार,” काका म्हणाले. “रोजचे ऐंशी अहवाल मी हातानं टाकू? नऊ वर्षं काही झालं नाही, ताई. आजच कुठं आभाळ कोसळलं?”

“झालं नाही, की कळलं नाही? तुमचाच अहवाल उघडून दाखवू का?”

“दाखवा की. माझ्याकडे झाकण्यासारखं आहे काय?”

तिने टिंबे लिहिली. रक्ततपासणी विभागाच्या कप्प्यातून काकांचा मागच्या महिन्यातला अहवाल पडद्यावर उघडला. काका झटकन उठून पडद्यासमोर आडवे उभे राहिले. आपल्याच खोलीत, आपल्याच विभागातल्या माणसांकडे पाठ करून.

“घरी अजून सांगितलेलं नाही,” ते हळूच म्हणाले आणि सही केली.

दुपारपर्यंत वाट बुजली. यंत्र मुके झाले. काका पहिली फाइल हाताने टाकता टाकता थांबले.

“माझा आणखी कोणी पाहिला असेल?”

ताईने मान खाली घातली. कोणी काय उघडले, याची नोंद तिने कधी ठेवलीच नव्हती.

“सांगता येत नाही, काका.”

तिने शेजारची खुर्ची ओढली आणि उरलेल्या एकोणऐंशींतले अर्धे आपल्याकडे घेतले.