उजवं फूल

झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या गल्लीत मी नास्तिक म्हणून प्रसिद्ध आहे. हा सत्यनारायणाला फक्त शिरा खायला येतो, असं शेजारणी म्हणतात, आणि ते खरंच आहे. देव नाही हे मला कॉलेजात असतानाच पटलं होतं आणि त्यापायी माझी झोप कधी उडाली नाही. गेल्या आठवड्यात उडाली.

आईच्या पोटात गाठ निघाली. सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरांनी बजावलं, लगेच काढा, थांबलात तर हाताबाहेर जाईल. घरी आल्यावर आई शांतपणे म्हणाली, "डॉक्टरसाहेब कितीही सांगोत, कौल लावल्याशिवाय मी जाणार नाही."

आमचं घराणं कोकणातून झाशीला आलं तेव्हा कुलदेवाच्या देवळातला एक काळा पाषाण सोबत घेऊन आलं. मोठं काही ठरवायचं असलं की त्याला स्नान घालायचं, ओल्या दगडावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक फूल चिकटवायचं आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पाणी सुकतं, फूल पडतं. यात देव कुठे आला, असं मी लहानपणापासून विचारत आलोय.

"फुलं तूच लाव," आई म्हणाली.

"मी? मी तर मानत नाही."

"म्हणूनच. मानणाऱ्याचा हात लबाडी करतो. तुझं त्याच्याशी घेणं ना देणं."

मी लावली. तगरीची दोन, अगदी सारखी. पंखा बंद केला. आईला हल्ली धूसरच दिसतं. ती पाटावर हात जोडून बसली. सुरुवातीला मला हसू येत होतं. मग ते ओसरलं. गल्लीत सब्जीवाला ओरडत होता आणि मी उजव्या फुलाकडे बघून मनातल्या मनात चक्क 'पड, पड' म्हणत होतो.

डावं पडलं.

"कुठलं रे?"

"उजवं."

"दे मग. सोबत नेते."

उजवं काढायला गेलो तर निघेना. नखाने खरवडलं तेव्हा पाकळी फाटून हातात आलं. आईने ते बोटांनी चाचपलं.

"फाटलंय."

"पडताना फाटलं," मी म्हणालो.

आज सकाळी इस्पितळात आईला ऑपरेशनला न्यायला नर्स आली, "चलिए माताजी." आईने रुमालात बांधलेलं फूल माझ्या हातात दिलं. "हे सांभाळ. मला मुळीच भीती वाटत नाहीये बघ. त्याने हो म्हटलंय ना."

दार बंद झालं. तेव्हापासून मी या बाकावर बसून आहे. दगडाला काही कळत नाही, हे मी आत्ताही कुणालाही सांगेन. पण मला भीती वाटतेय, खूप भीती वाटतेय. हो त्याने म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. आत काही बरंवाईट झालंच, तर दोष द्यायला माझ्याकडे देवही नाही.